मोजके, पण आवश्यक ते सर्व : संगणकाच्या निगेचा एक पाठ

आमच्या संगणक कक्षातील बहुतेक यंत्रे माजी विद्यार्थ्यांनी व हितचिंतकांनी वापरून झाल्यावर शाळेला दिलेली आहेत. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपण्याच्या संध्याकाळी त्यांपैकी एका यंत्रावर एका विद्यार्थिनीचा अर्धा भरलेला अर्ज पडद्यावर गोठून राहिला. कळफलक चालेना, माऊस हलेना. शेवटी यंत्र बंद करून दुसऱ्यावर सारा अर्ज नव्याने भरावा लागला. तो वेळेत गेला, हे सुदैव. ते यंत्र भंगारात काढण्यापूर्वी एकदा तपासावे, असे आम्ही ठरवले. त्यातून जे शिकलो, ते येथे मांडत आहोत.

संगणकात चालू असलेला प्रत्येक प्रोग्राम रॅम नावाच्या तात्पुरत्या स्मृतीत जागा घेतो. या यंत्रात ती अवघी 4 जीबी होती. रॅम भरत आली की विंडोज त्यातील काही माहिती हार्ड डिस्कवर हलवते व लागेल तेव्हा परत आणते. हार्ड डिस्क रॅमच्या तुलनेत फारच मंद असल्याने ही ने-आण वाढली की यंत्र अडखळू लागते. आमच्या यंत्रात पडद्यामागे काय काय चालू होते? केव्हाच मोडीत निघालेल्या प्रिंटरचा प्रोग्राम, संभाषणाची दोन अ‍ॅप्स, ‘संगणक वेगवान करतो’ असे सांगणारे एक साधन आणि दोन अँटिव्हायरस. एकाच फाइलवर दोन पहारेकरी एकाच वेळी नजर ठेवू लागले की ते परस्परांच्या कामात अडथळा आणतात.

हे पाहण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘प्रोसेसेस’ या भागात कोणता प्रोग्राम किती स्मृती वापरतो, ते दिसते. ‘स्टार्टअप’ या भागात यंत्र सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी असते. नको असलेल्या नावावर ‘डिसेबल’ निवडल्यास तो प्रोग्राम संगणकात राहतो, फक्त आपणहून सुरू होत नाही. म्हणून पहिला उपाय हाच योजावा. चार-आठ दिवस त्याची उणीव भासली नाही, तर ‘सेटिंग्ज’मधील ‘अ‍ॅप्स’ या यादीतून तो अनइन्स्टॉल करावा. त्याचा फोल्डर थेट पुसून टाकू नये. अर्धवट अवशेष मागे राहून नव्या अडचणी निर्माण होतात.

येथे आमची एक चूक सांगणे आवश्यक आहे. सफाईच्या उत्साहात आम्ही एकाच बैठकीत पाच-सहा प्रोग्राम काढले. त्यांतील एकाचे नाव अनोळखी वाटले, म्हणून तोही काढला. दुसऱ्या दिवशी मुले मराठी निबंध टंकलिखित करण्यास बसली, तेव्हा देवनागरी अक्षरे उमटेनात. जो प्रोग्राम आम्ही अडगळ समजलो, तोच आमच्या भाषेचा कळफलक होता. तो पुन्हा बसवण्यात एक दिवस गेला. तेव्हापासून आमचे तीन नियम आहेत : काढण्यापूर्वी ‘रिस्टोअर पॉइंट’ तयार करावा; एका वेळी एकच प्रोग्राम काढून यंत्र पुन्हा सुरू करून पाहावे; आणि काय काढले, त्याची तारखेसह वहीत नोंद ठेवावी. पडदा, ध्वनी व नेटवर्क यांच्या ड्रायव्हरना हात लावू नये. अँटिव्हायरस एकच ठेवावा, पण एक अवश्य ठेवावा.

भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांचा पाठ आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहे : तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि पाणी गाळण्याचे वस्त्र. या यादीत अनावश्यक असे काहीही नाही. त्याचबरोबर सुईसारखी लहान वस्तूही ‘क्षुल्लक’ म्हणून वगळलेली नाही. प्रत्येक वस्तूचा उपयोग जाणूनच ती जवळ ठेवलेली आहे. संगणकाच्या बाबतीत आम्हांला हीच दृष्टी मार्गदर्शक वाटते. आधी जाणून घ्यावे, मग ठेवावे किंवा काढावे. न जाणता साठवणे जितके घातक, तितकेच न जाणता टाकणेही.

ते यंत्र आज नवे झालेले नाही. मोठे काम दिले तर ते अजूनही दमते. परंतु अर्ज भरणे, टंकलेखन व अभ्यासाचे साहित्य वाचणे एवढी कामे ते न अडता करते. जुना लॅपटॉप पाल्याच्या हाती देणाऱ्या पालकांना आणि शाळेस यंत्र देऊ इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, एक संध्याकाळ काढून त्याची स्टार्टअपची यादी वाचावी. मुलांनाही सोबत बसवावे. पुढच्या अर्जाच्या वेळी यंत्रापुढे तीच बसणार आहेत.