रोमची मोहर कशी ओळखावी

विहीर खणताना कधी कधी एखादे मडके लागते. आत पिवळी नाणी निघतात. घरचे म्हणतात, "गुपचूप सोनाराकडे न्या." सोनार ती आटवतो. सोन्याचे पैसे हाती येतात, पण नाण्यावर काय लिहिले होते ते कायमचे गेले. आपल्या देशात असे पुष्कळदा झाले आहे.

रोम हे शहर इटली देशात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तेथील बादशहाचे राज्य फार मोठे होते. त्या लोकांना आपल्याकडची मिरी, तलम कापड, मोती, रत्ने हवी असत. गलबते मोसमी वाऱ्यावर येत आणि मालाबद्दल सोन्याचांदीची नाणी देत. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने तर तक्रारच केली, की हिंदुस्थान दरसाल आमचे पाच कोटी नाणे ओढून नेतो! ही नाणी तमिळनाडू, केरळ, आंध्र या बाजूला अधिक सापडतात. आपल्या पैठण आणि तेर या गावांची नावेही त्या काळच्या एका ग्रीक पुस्तकात आहेत.

आता नाणे कसे ओळखायचे ते पाहू. प्रथम वजन. रोमची जुनी सोन्याची मोहर सुमारे पावणेआठ ग्रॅम, म्हणजे तोळ्याचे दोन हिस्से. चांदीचे नाणे त्याच्या निम्मे. पुढे ते हलके होत गेले. एका बाजूला बादशहाचे तोंड असते, बहुधा एका कुशीला वळलेले. डोक्यावर पानांची माळ. दुसऱ्या बाजूला देवी, घोडे, शस्त्रे, काहीही असेल.

तोंडाभोवती अक्षरे असतात. ती आजच्या इंग्रजी मोठ्या अक्षरांसारखीच दिसतात. तुम्हाला येत नसतील तर शाळेतल्या पोराला बोलवा, तो वाचील. मात्र त्याला सांगा, की 'यू' हे अक्षर तिथे नाही, त्याच्या जागी 'व्ही' आहे. शब्दही तोडून लिहिलेले असतात. ए-व्ही-जी म्हणजे ऑगस्टस, बादशहाची पदवी.

आकडे तर तुम्ही पाहिलेलेच आहेत. जुन्या भिंतीवरच्या घड्याळात असतात तेच! त्यांवरून साल निघते. ट्राजन नावाचा बादशहा पाचव्यांदा 'कॉन्सल' झाला तो इसवी सन १०३ साली, आणि सहाव्यांदा ११२ साली. कॉन्सल हे तिकडचे मोठे पद. तेव्हा ट्राजनच्या नाण्यावर सी-ओ-एस आणि पुढे पाचाचा आकडा दिसला, की ते १०३ ते १११ या वर्षांतले. एवढ्याशा खुणेवरून एवढे कळते.

कधी अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या दिसतात. ती बहुधा आपल्या इकडच्या कारागिराने केलेली नक्कल. त्याला ती अक्षरे वाचता येत नव्हती, म्हणून दिसले तसे त्याने कोरले. अशी नक्कलही जुनी आणि मोलाची असते, फेकू नका. काही मोहरांना भोक किंवा कडी असते. आपल्या बायका पुतळ्यांची माळ घालतात, तशा त्या कोणी गळ्यात घातल्या होत्या.

१८९८ साली दक्षिणेत पुदुकोट्टई संस्थानात ५०१ मोहरा एकत्र सापडल्या. बहुतेकींवर बादशहाच्या तोंडावर छिन्नीचा घाव होता. का, यावर विद्वानांत एकमत नाही. पण मोहरा आटवल्या नाहीत, म्हणून घाव तरी दिसला. त्यांतली सर्वांत अलीकडची व्हेस्पेशियन बादशहाची. तो इसवी सन ६९ साली गादीवर आला. म्हणजे ठेव पुरली ती त्यानंतरच.

नाणे सापडले तर चिंच, राख लावून घासू नका. अक्षरे झिजतात. मडक्याची खापरेसुद्धा ठेवा. कागदावर जागा, तारीख, नाण्यांची संख्या लिहा. आता तुम्हाला लिहिता येतेच.

१८७८ सालचा निखात निधीचा कायदा आहे. निखात म्हणजे पुरलेले. दहा रुपयांवर किमतीचे धन सापडले, तर कलेक्टरांना लेखी कळवावे लागते. लपवले तर तुरुंगही आहे आणि आपला वाटाही जातो. कळवले, आणि खरा मालक पुढे आला नाही, तर धन सापडणाऱ्याचे. जमीनवाल्याने हक्क सांगितला आणि दोघांत वेगळा करार नसला, तरी सापडणाऱ्याला पाऊण वाटा मिळतो, जमीनवाल्याला पाव. सरकारने नाणी स्वतःकडे घेतली, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देते. सोनार यापेक्षा जास्त देत नाही.