आधी टेकू, मग कटर

प्रीमियर पद्मिनीला वेगळी चासी नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाडीचं मूळ १९५३ च्या इटालियन फियाट ११०० मध्ये आहे, आणि तिचा सगळा भार पत्र्याचा सांगाडाच पेलतो. त्यातही खरा आधार दाराखालून पुढून मागे जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ पेटीचा. पावसाचं पाणी तिच्यात शिरतं, निचऱ्याची बारीक भोकं चिखलाने बुजलेली असतात आणि पेटी आतून गंजत जाते. वरचा रंग मात्र तुकतुकीत.

वसईच्या एका निवृत्त शिक्षकांनी वडिलांची पद्मिनी नाताळाच्या आत रस्त्यावर आणायचं ठरवलं, तेव्हा एका गॅरेजवाल्याने नेमका हाच गंज झाकला. लांबी भरली, घासली, वर रंग मारला. नाताळच्या मिस्साला गाडी चर्चच्या आवारात दिमाखात उभी राहिली. पुढच्या पावसाळ्यात रंगाला फुगे आले. स्क्रूड्रायव्हर जरा दाबला, तर आरपार!

जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला ते शिक्षक आता सांगतात, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक खिशात ठेवा. पत्र्याला ते चिकटतं, जाड लांबीला नाही. आणि प्रायमर लागण्याआधी उघडा पत्रा स्वतः जाऊन पाहा.

त्यांचा दुसरा सल्ला जास्त मोलाचा आहे. नंतर ज्या वेल्डरने काम केलं, त्याने कटरला हात लावण्याआधी दारांच्या चौकटींत लोखंडी नळ्या जोडून घेतल्या. सडलेली पेटी टेकूशिवाय कापली की गाडी मधोमध खचते. मग कितीही ठोकठाक करा, दारं लागत नाहीत.

ख्रिस्ती माणसाच्या आत्मिक नूतनीकरणाविषयी बोलताना हा टेकूच सुटून जातो. झाकू नका, हे प्रवचनांत नेहमी ऐकू येतं. येशूने परूश्यांना चुना फासलेल्या कबरी म्हटलं ते त्यासाठीच. पण गंज दिसल्यावर एकट्याने कापत सुटणाराही मोडतो. १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा गावी संत इग्नेशियस लोयोला जुनी पापं उकरत बसले होते. कितीदा पापनिवेदन केलं तरी काहीतरी सांगायचं राहिलंच, ही टोचणी जाईना. जीव द्यावा असं मनात येऊ लागलं. त्यांनी अन्नपाणी सोडलं. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी उपास सोडायची आज्ञा केली, तेव्हा ते जेवले. पुढे त्यांनी जी साधना घालून दिली, तिच्यात साधकासोबत मार्गदर्शक असतो आणि पापांकडे वळण्याआधी, देवाने माणसाला कशासाठी घडवलं याचं मनन असतं.

तेव्हा उपवासकाळात मन तपासायला बसणाऱ्याने आधी सोबत शोधावी: धर्मगुरू, जाणता मित्र, घरातलं विश्वासाचं माणूस. मग कापावं, आणि निर्धास्त कापावं. चांगला पत्रा लागेपर्यंत मागे हटू नये, कारण नवा तुकडा गंजावर वेल्ड होत नाही. कापलेली जागा मोकळी ठेवूनही चालत नाही. बायबलमधल्या जकातदार जक्कयाने पश्चात्ताप केला तो लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याचा शब्द देऊन.

आणि गॅरेजवाल्याला सणाची तारीख देऊ नये. आधी सांगाडा, मग ब्रेक आणि वायरिंग, मग इंजिन. रंग सगळ्यात शेवटी. हे शिक्षक आता मे संपता संपता पेटीची भोकं तारेने मोकळी करतात आणि आत गंजरोधक फवारतात.