चवळीचा नवा वाण

चवळीच्या शेंगेत अळी शिरली, की दाणे गेलेच समजा. आफ्रिकेतल्या नायजेरिया देशातही हाच त्रास. तिथे चवळी हे गरिबाचे मोठे अन्न. शेतकरी पुन्हा पुन्हा औषध फवारी. पैसा जाई, अंगाला बाधाही होई.

अळीला पुरून उरेल अशी चवळी सापडेना. मग संकर करावा तरी कोणाशी? शास्त्रज्ञांनी दुसरी वाट धरली.

मातीत एक जंतू असतो. अळी मारण्याचा गुण त्याच्यात आहे. गुण ज्यात साठलेला असतो, त्याला जनुक म्हणतात. मातीतलाच दुसरा एक जंतू आपले जनुक झाडात घुसवतो. त्यालाच हमाल केले. पहिल्याचे जनुक त्याने चवळीच्या कोवळ्या अंकुरात पोचवले. ज्या रोपांत ते रुजले, त्यांचेच बी धरले.

२०१९ साली नायजेरियात या वाणाला मंजुरी मिळाली. फवारण्या कमी झाल्या. बी घरचे ठेवता येते.

पण मावा याने मरत नाही. अळीही सरावते. आपल्याकडे असाच कपाशीचा वाण २००२ साली आला. गुलाबी बोंडअळी आता त्याला जुमानत नाही.

आपल्या देशात असे कडधान्याचे बी अजून मंजूर नाही. कोणी विकायला आला, तर फसू नका. पिशवीवरची अक्षरे स्वतः वाचा.