ध्वनिक्षेपकांची जोडणी : ग्रामपंचायती व शाळांसाठी काही उपयुक्त माहिती

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. औंढा नागनाथ येथील यात्रा, संत नामदेवांचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या नर्सी येथील सोहळे, हिंगोलीचा दसरा, गावोगावच्या ग्रामसभा आणि शाळांतील राष्ट्रीय सण यांमुळे या जिल्ह्यात ध्वनिवर्धकाचा वापर वर्षभर चालू असतो. पूर्णा, कयाधू व पैनगंगा या नद्यांच्या काठच्या गावांना पुराची सूचना देण्याचेही ते एक साधन आहे. अशा प्रसंगी यंत्रणा ऐनवेळी बंद पडली, तर होणारी हानी केवळ पैशांची नसते. पुष्कळदा बिघाडाचे कारण यंत्राच्या दर्जात नसून चुकीच्या जोडणीत असते.

संरोध म्हणजे काय?

ॲम्प्लिफायरमधून येणाऱ्या विद्युतप्रवाहाला कर्णा किंवा स्पीकर जो विरोध करतो, त्यास संरोध म्हणतात. तो ओहममध्ये मोजतात. बहुतेक स्पीकर ४ किंवा ८ ओहमचे असतात. साध्या मीटरने मोजल्यास ८ ओहमच्या स्पीकरचा रोध सुमारे ६ ओहम दिसतो. तो दोष नव्हे, कारण असा मीटर केवळ तारेच्या वेटोळ्याचा रोध दाखवितो.

संरोध जितका कमी, तितका प्रवाह अधिक. प्रत्येक ॲम्प्लिफायरवर किमान किती ओहमचा भार जोडावा, हे लिहिलेले असते. त्याहून कमी ओहमचा भार जोडल्यास प्रवाह मर्यादेबाहेर जातो, यंत्र तापते व अखेरीस जळते. जास्त ओहमचा भार जोडल्यास सहसा अपाय होत नाही, मात्र शक्ती कमी मिळते.

एकसर व समांतर जोडणी

एकसर जोडणीत संरोधांची बेरीज होते. समांतर जोडणीत समान संरोधाला स्पीकरच्या संख्येने भागावे. ८ ओहमचे चार स्पीकर एकसर जोडल्यास ३२ ओहम, तर समांतर जोडल्यास २ ओहम होतात. दोन-दोनच्या जोड्या एकसर करून त्या जोड्या परस्परांशी समांतर जोडल्यास पुन्हा ८ ओहमच मिळतात. १०० वॅटच्या ॲम्प्लिफायरची शक्ती अशा वेळी चौघांत प्रत्येकी २५ वॅट अशी वाटली जाते. धन व ऋण टोके मात्र सर्वत्र एकाच क्रमाने जोडावीत. ती उलटसुलट झाल्यास शेजारच्या स्पीकरचे आवाज एकमेकांना मारक ठरतात.

वाहनावरील यंत्रणेत हाच हिशेब खरेदीपूर्वी करावा लागतो. खर्जातील आवाजाच्या मोठ्या स्पीकरमध्ये, म्हणजे सबवूफरमध्ये, पुष्कळदा दोन वेटोळी असतात. प्रत्येकी ४ ओहमची दोन वेटोळी असलेले दोन सबवूफर घेतल्यास, चारही वेटोळी समान भार वाहतील अशा जोडण्यांतून १, ४ किंवा १६ ओहम मिळतात. २ ओहम मिळत नाहीत. ॲम्प्लिफायर किमान २ ओहमचा असेल, तर १ ओहमची जोडणी त्यास घातक ठरेल. तेथे २ ओहमची दोन वेटोळी असलेले सबवूफर घ्यावेत. प्रत्येकातील वेटोळी एकसर व दोन्ही सबवूफर समांतर जोडले की नेमके २ ओहम होतात. शिवाय ५०० वॅट देणारा व ६० टक्के कार्यक्षमतेचा ॲम्प्लिफायर १२ व्होल्टच्या बॅटरीतून जवळजवळ ७० अँपिअर प्रवाह ओढतो. म्हणून तार जाड असावी व फ्यूज बॅटरीलगत बसवावा. अन्यथा वाहनास आग लागण्याचा धोका असतो.

लांब अंतरासाठी १०० व्होल्टची वाहिनी

गावात कर्णे दूरवर लावताना तारेचा रोधही मोजावा लागतो. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध २०० मीटर अंतरासाठी, जाऊन-येऊन, सुमारे ४.६ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट देणारी यंत्रणा एवढ्या अंतरावर नेल्यास स्पीकरपर्यंत जेमतेम ४० वॅट पोचतात. तेच १०० वॅट १०० व्होल्टच्या वाहिनीने पाठविल्यास ९० वॅटहून अधिक पोचतात. या पद्धतीत प्रत्येक कर्ण्यास लहान रोहित्र असते व सर्व कर्णे समांतर जोडतात. येथे ओहमचा हिशेब न करता कर्ण्यांच्या वॅटची बेरीज करावी. ती ॲम्प्लिफायरच्या क्षमतेपेक्षा थोडी कमी ठेवावी. रोहित्र नसलेला ८ ओहमचा कर्णा या वाहिनीस कधीही जोडू नये. यंत्रणा चालू असताना उघड्या तारांना हात लावू नये.

अधिक वॅट म्हणजे अधिक आवाज नव्हे

वॅट दुप्पट केले तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. उलट मोकळ्या जागेत श्रोत्याचे अंतर निम्मे केल्यास तो सुमारे ६ डेसिबलने वाढतो. म्हणून एका टोकाला मोठा कर्णा लावण्यापेक्षा श्रोत्यांजवळ अनेक लहान कर्णे लावणे सोयीचे व काटकसरीचे ठरते.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ध्वनिवर्धकासाठी लेखी परवानगी आवश्यक असून, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत सार्वजनिक ठिकाणी त्याचा वापर निषिद्ध आहे. सार्वजनिक आपत्तीच्या प्रसंगी यास अपवाद आहे.

यंत्रणा खरेदी करताना ग्रामपंचायतीने व शाळेने ॲम्प्लिफायरचे किमान ओहम, त्याची अखंड देता येणारी शक्ती, कर्ण्यांचे वॅट आणि तारेची लांबी या चार बाबी लिहून घ्याव्यात. जोडणीचा आराखडा यंत्राजवळच लावून ठेवावा. आराखडा समोर असला म्हणजे जाणकार व्यक्ती गावात नसतानाही पुराची सूचना वेळेवर देता येईल.