गडावर जाताना : उपवास, चढण आणि गोळ्या

नवरात्र जवळ आले की दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो : "डॉक्टरसाहेब, उपवासाला गोळ्या चालतात का?" पुष्कळजण तर न विचारताच गोळ्या बंद करतात आणि नऊ दिवस संपल्यावर सांगतात.

चिखलीच्या रेणुकादेवीचे दर्शन गावातच होते. परंतु साडेतीन पीठांपैकी माहूरची रेणुका व वणीची सप्तशृंगी या दोन्ही देवी गडावर आहेत. आपल्या जिल्ह्यातून मेहकर, वाशिम, पुसद मार्गे माहूरला जाणारे भाविक बरेच आहेत. रात्रभर गाडीत जागरण, पोट रिकामे, पहाटे चढण आणि त्यात गोळ्या बंद. यातील एकेक गोष्ट शरीर सहन करते. सर्व एकत्र आल्या की धोका वाढतो, विशेषतः मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार असणाऱ्यांना.

चढणीचा हिशेब असा आहे. सप्तशृंगीला गडावरील गावापासून मंदिरापर्यंत सुमारे पाचशे पायऱ्या आहेत. एक पायरी सहा इंचांची धरली तरी ही उंची २५० फूट, म्हणजे पंचवीस मजली इमारतीएवढी होते. प्रत्येक पायरीला आपण आपले संपूर्ण वजन उचलतो. त्यामुळे सपाट रस्त्यावर रोज तासभर फिरणाऱ्यालाही येथे धाप लागते. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या तर घरी बसून न जाणवणारा त्रास अशा चढणीवर प्रथमच जाणवतो. विश्रांतीच्या वेळी काढलेला ईसीजी चांगला होता, एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

आता गोळ्यांविषयी. रक्तदाबाची गोळी उपवासातही चालू ठेवावी. अॅटेनोलोल किंवा मेटोप्रोलोल यांसारखी गोळी एकाएकी बंद केल्यास रक्तदाब उसळतो व छातीत दुखू शकते. लघवी वाढविणारी गोळी चालू असेल व दिवसभर पाणीही प्यायचे नसेल, तर मात्र डॉक्टरांना अगोदर विचारावे. रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नये.

मधुमेहाचे गणित थोडे वेगळे आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी नेहमीच्या प्रमाणात घेतली, पोटात अन्न नाही आणि वर चढणीचे श्रम, तर रक्तातील साखर ७० च्या खाली जाऊ शकते. हातपाय थरथरतात, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. अशा वेळी "अंगात आले" किंवा "उन्हाने चक्कर आली" असे समजून वेळ घालवू नये. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून ताबडतोब द्यावी आणि १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. उलट बाजूही लक्षात ठेवावी. गोळ्या बंद करून साबुदाणा, बटाटा, रताळे खाल्ले तर साखर भराभर वाढते. म्हणून औषधाचे प्रमाण किती व वेळ कोणती, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. चढणीच्या दिवशी मधुमेह्याने निरंकार उपवास करू नये, हा माझा स्पष्ट सल्ला आहे.

अनवाणी चालण्याचा नवस अनेकांचा असतो. जुन्या मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते. खडा रुतला, काटा मोडला किंवा तापलेल्या फरशीने फोड आला तरी कळत नाही. अशी जखम चिघळून बोट कापण्याची वेळ येऊ शकते. या रुग्णांनी मंदिराच्या दारापर्यंत पायताण घालावे आणि रात्री तळपाय उजेडात पाहावेत.

तयारी महिनाभर आधी सुरू करावी. रोज अर्धा तास चालावे, नंतर जिना चढण्याचा सराव करावा. गडावर वेग किती असावा याची सोपी खूण आहे : "उदो"चा गजर करीत चढता आले तर वेग ठीक, शब्द तुटू लागले की थांबून बसावे. गुडघेदुखी असणाऱ्यांनी उतरताना कठड्याचा आधार घ्यावा, कारण चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यांवर ताण अधिक येतो. सप्तशृंगीला २०१८ पासून ट्रॉलीची सोय झाली आहे. हृदयरोग्यांनी व वृद्धांनी तिचा लाभ घेण्यात संकोच बाळगू नये.

छातीवर दडपण, जबडा किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, अचानक दम लागणे ही लक्षणे दिसताच चढणे थांबवावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेह्यांना छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येतो. त्यांना नुसता दम व घाम आला तरी "पित्त झाले" म्हणून सोडा पिऊन पुढे चढू नये.

गोळी हे अन्न नव्हे. घोटभर पाण्याबरोबर ती घेतल्याने उपवास मोडतो, असे मानण्याचे कारण नाही. झोळीत नारळ व ओटीच्या सामानाबरोबर गोळ्यांची पुडी, साखरेची पुडी, पाण्याची बाटली आणि आजारांची नावे लिहिलेली चिठ्ठी ठेवा. देवीचे दर्शन घडो आणि सर्वजण सुखरूप घरी परतोत.