सोडवलेलं गणित वाचणं आणि गणित सोडवणं

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी एम-वनच्या, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपराआधी जी पीएल, म्हणजे अभ्यासाची सुट्टी मिळते, तिच्यातला मोठा भाग सोडवलेली उदाहरणं वाचण्यात जातो. त्या वाटेनं जाऊन ठेच खाल्ली आहे, म्हणून कळकळीनं सांगतो. वाचताना प्रत्येक पायरी पटते, आणि पटली म्हणजे आली असं वाटतं. पेपरात मात्र पहिली पायरी कोणती हे आपल्यालाच ठरवायचं असतं, आणि नेमकं तेच काम पुस्तकानं आधी करून ठेवलेलं असतं. ‘बाय पार्ट्स’ या मथळ्याखालचं इंटिग्रेशन कशानं सुटणार, हे मथळाच सांगून टाकतो. पेपरात मथळे नसतात. छेदात ‘एक्सचा वर्ग अधिक एक’ आहे. अंश एक असेल तर उत्तर टॅन इन्व्हर्स. अंश एक्स असेल तर सबस्टिट्यूशन करून लॉग. अंश एक्सचा वर्ग असेल तर आधी भागाकार. छेद तिन्हीकडे तोच, रीत तीन वेगळ्या. ही नजर वाचून येत नाही.

अमेरिकेत डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या बाबतीत फार मोलाचा वाटतो. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार घनाकृतींची घनफळं काढायला शिकवली. एका गटानं एकेका प्रकारची गणितं सलग सोडवली, दुसऱ्यानं चारही प्रकार मिसळून. सरावात सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलगवाले २० टक्क्यांवर आले, मिसळणारे ६३वर राहिले. म्हणजे सराव सोपा जाणं हा तयारीचा पुरावा धरता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, प्रश्न तर रिपीट होतात, जुने सोडवलेले पेपर पाठ केले की झालं. प्रकार पुन्हा येतात हे खरंच आहे. पण अंशातला एक एक्स बदलला की पाठ केलेली रीत निरुपयोगी होते, हे वर पाहिलंच. जुने पेपर हवेतच, फक्त उत्तरं झाकून आणि घड्याळ लावून. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: रीतच येत नसेल तर मिसळून काय करणार? नवी रीत हातात बसेपर्यंत त्या प्रकारची चार-पाच गणितं सलग करावीत, सूत्रंही पाठ हवीतच. त्यानंतर मात्र प्रश्न चिठ्ठ्यांवर उतरवून घ्या, धड्याचं नाव न लिहिता, आणि चिठ्ठ्या पिसून एकेक उचला. अडलात तर लगेच उत्तर उघडू नका, दहा मिनिटं झटा. वेळ कमी असेल तर गणितं कमी करा, पण झाकूनच करा.

रीत निवडताना तिच्या अटीही तपासायची सवय याच सरावात लावून घ्या. एक्स शून्याकडे जाताना ‘साइन एक्स भागिले (एक्स अधिक एक)’ची लिमिट शून्य आहे. पण शून्य भागिले शून्य हे रूप नसतानाही लॉपिताल लावला, तर उत्तर एक येतं. तसंच, ‘एक भागिले एक्सचा वर्ग’ वजा एक ते एक इंटिग्रेट करताना सूत्रात किमती घातल्या की वजा दोन येतात. जे फंक्शन कुठेही ऋण नाही, त्याचं इंटिग्रल ऋण कसं येईल, एवढा प्रश्न मनात उठला तरी शून्यापाशी काय होतं ते तुम्ही बघाल, आणि हे इम्प्रॉपर इंटिग्रल डायव्हर्ज होतं हे तुमच्या लक्षात येईल.