रविवारची वाट न पाहणारा पॅच

रविवारचा मेगाब्लॉक आपल्याला काही नवा नाही. वेळापत्रक आधीच पेपरात येतं, माणसं त्या हिशेबाने बाहेर पडतात. पण परळ-दादरच्या मध्ये ऐन सकाळी रुळाला तडा गेला तर? रविवारपर्यंत कोणी थांबत नाही. गाड्या रोखून, शिव्या खात काम उरकावं लागतं.

सॉफ्टवेअरचंही तसंच. मायक्रोसॉफ्ट 2003 पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच सोडते. हा झाला मेगाब्लॉक. आणि दोष इतका गंभीर असतो की मंगळवारपर्यंत थांबणं परवडत नाही, तेव्हा मधेच येतो तो 'आउट-ऑफ-बँड' पॅच.

2017 चं उदाहरण घ्या. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या, म्हणजे एसएमबीमधल्या दोषाचा पॅच 14 मार्चला आला, तोही नेहमीच्या मंगळवारीच. तो दोष वापरणारं 'इटर्नलब्लू' हे हत्यार एप्रिलमध्ये चव्हाट्यावर आलं. 12 मेला 'वॉनाक्राय'ने जगभरच्या कॉम्प्युटरमधल्या फायली कुलूपबंद केल्या. एक्सपीचा सपोर्ट 2014 मध्येच संपला होता, तरी त्याच्यासाठीही घाईघाईने पॅच काढावा लागला. लालबागच्या बंद गिरणीचा भोंगा अचानक वाजावा, तशातला प्रकार!

एवढं झाल्यावर तरी सगळे सावध झाले असतील? 27 जूनला 'नॉटपेट्या' आला आणि मुंबईसमोरच्या न्हावाशेवा बंदरात, जेएनपीटीमध्ये, मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम कोलमडलं. मार्चचा पॅच येऊन तोवर 105 दिवस झाले होते. पण इथे नुसतं 'पॅच मारा' म्हणून भागत नाही. हा किडा युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच शिरला होता. शिवाय एका मशीनच्या मेमरीतून ॲडमिनचा पासवर्ड हाती लागला, की तो पॅच मारलेल्या मशीनवरही जायचा. शंभरातली नव्याण्णव मशीन्स नीट असून उपयोग काय?

घाईचीही किंमत असते. तातडीच्या पॅचची चाचणी कमी झालेली असते. जानेवारी 2018 मध्ये 'स्पेक्टर'वरच्या इंटेलच्या उपायाने मशीन्स आपोआप रीस्टार्ट व्हायला लागली; तो उपाय बंद करायला मायक्रोसॉफ्टला आणखी एक तातडीचा अपडेट काढावा लागला. म्हणून जाणता ॲडमिन आधी बॅकअप घेतो, दोन-चार मशीन्सवर पॅच लावून पाहतो, आणि तोवर बाकीच्यांचा धोक्याचा रस्ता बंद ठेवतो. वरच्या उदाहरणात तो रस्ता म्हणजे पोर्ट 445 आणि जुनी एसएमबी-1 सेवा. आपल्या लॅबमधल्या किती मशीन्सवर ती अजून चालू आहे, हे तपासायला फार तर एक प्रॅक्टिकल पुरेल.